उतरताना घेतलेले आकडे

डांबर गोळीच्या वासाने म्हणे लोकांना आजोळ आठवतं, आईची पैठणी आठवते, लग्नघरातली धावपळ आठवते. मला राग येतो. दरवर्षी डिसेंबरात पेपरात निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, मी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढते, स्वेटर बाहेर काढते, आणि तो वास नाकात शिरला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना आता सवय झाली आहे. मुलगी म्हणते, "आईची थंडी सुरू झाली." नवरा आपला स्वेटर उचलतो आणि गॅलरीत वाळत घालतो.

यंदाही तसंच झालं. पेटी उघडी, मी जमिनीवर बसलेली, आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा समोर. दरवर्षी मी पेटीचं झाकण लावून कामाला लागते. यंदा लागले नाही. म्हटलं, किती वर्षं नुसतं चिडायचं? आणि चिडायचं तर नेमकं कोणावर, हे तरी एकदा ठरवू.

नाशिकच्या थंडीचं कौतुक सगळे करतात. मुंबईहून लोक येतात, द्राक्षाच्या मांडवाखाली फोटो काढतात, हुरडा खाऊन जातात. आमच्या लॅबमध्ये थंडीचा अर्थ वेगळा होता. थंडी म्हणजे कोरडी हवा. आमचा प्रयोग असा होता की एक काळा, चकचकीत, नखाएवढा स्फटिक उणे एकशे नव्वदच्या आसपास थंड करायचा आणि काचेच्या खिडकीतून त्याच्यावर प्रकाश टाकून किती प्रकाश परत येतो ते मोजायचं. पावसाळ्यात त्या खिडकीवर लगेच दव धरायचं, सगळं आंधळं व्हायचं. म्हणून दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि शिमग्याला संपायचा. शेतकऱ्याचा असतो तसाच हंगाम. गेला तर पुढच्या वर्षीच.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि सरांच्या हाताखाली पीएच.डी. करायचे. वडील मनमाडला रेल्वेत, रोज अप-डाऊन करायचे. आम्ही नाशिक रोडला राहायचो. घरात माझ्या लग्नाची चर्चा आणि माझ्या नोकरीची चर्चा एकाच ताटात वाढलेली असायची. पर्मनंट झाले तर लग्न थोडं थांबेल, नाहीतर नाही. हे सगळं सरांना माहीत होतं. सरांना सगळ्यांचंच सगळं माहीत असायचं.

सर हुशार होते. हे लिहिताना माझा हात आखडत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, भंगारातून आणलेला व्हॅक्यूम पंप, जुना स्पेक्ट्रोमीटर आणि एका मोठ्या संस्थेतल्या मित्राकडून मागून आणलेले चार स्फटिक एवढ्या भांडवलावर त्यांनी तो प्रयोग उभा केला होता. फळ्यावर ते समजवायला लागले की वर्गात टाचणी पडलेली ऐकू यायची. मलाही त्यांनीच समजावलं. साधा धातू खूप थंड केला की त्यातून वीज कसल्याही अडथळ्याशिवाय वाहू लागते, त्याला अतिवाहक म्हणायचं. इलेक्ट्रॉन जोडीने राहू लागतात, त्यात त्यांची ऊर्जा वाचते. पण वाचते कुठे? साध्या धातूत जोडी जमल्याने ऊर्जा वाचते आणि चालण्याफिरण्याचा खर्च उलट थोडा वाढतो. संसारासारखंच. मात्र तांब्याच्या ऑक्साइडचे थर असलेले हे काळे स्फटिक, जे इतरांच्या मानाने खूपच वरच्या तापमानाला अतिवाहक होतात, त्यांच्यात म्हणे उलटं घडतं. तिथे चालण्याचाच खर्च कमी होतो. गर्दीत एकट्याने धक्के खात चालण्यापेक्षा हात धरून चाललं की दमणूक कमी, तसं काहीसं.

हे खरं की खोटं, ते प्रकाश सांगू शकतो. स्फटिक कोणत्या रंगाचा प्रकाश किती गिळतो त्याचा हिशोब मांडला की इलेक्ट्रॉनांच्या चालण्याच्या ऊर्जेचा अंदाज येतो. अतिवाहक होण्याच्या त्या एका तापमानाच्या खाली उतरताना त्या हिशोबात फरक पडतो का, एवढंच पाहायचं. फरक अगदी बारीक. शेकड्यात एकाहूनही कमी. जगभर मोठमोठ्या प्रयोगशाळांत यावरून भांडणं चालू होती, आणि त्या भांडणात आपण नाशिकहून एक वाक्य बोलायचं, हे सरांचं स्वप्न होतं. ते स्वप्न माझंही होतं. मला ते नाकारायचं नाही.

त्या लॅबमधलं तिसरं माणूस म्हणजे भोयेमामा.

रामदास भोये. प्रयोगशाळा परिचर. पेठच्या पलीकडचे, डोंगरातल्या गावचे. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे. म्हणजे नातं लावायचं आणि चहा आणायला पाठवायचं. सरही त्यांना मामाच म्हणायचे, आणि एकेरीत हाक मारायचे.

प्रयोगाला द्रव नायट्रोजन लागायचा. तो नाशकात आम्हाला परवडत नव्हता. मामांनी मार्ग काढला. घोटीला जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं केंद्र होतं. तिथे वळूचं वीर्य थंड ठेवायला नायट्रोजनच्या टाक्या येत. तिथला माणूस मामांच्या ओळखीचा. आठवड्यातून एकदा मामा दुधाच्या कॅनसारखा एक कॅन घेऊन घोटीला जायचे आणि एसटीने परत यायचे. कॅनच्या सैल झाकणातून पांढरा धूर निघायचा. एकदा मीही बरोबर होते. कंडक्टरने गाडी थांबवायचीच बाकी ठेवली होती.

"अहो, काय हाय त्यात? पेटलंय का काय?"

"गाईचं औषध हाय," मामा शांतपणे म्हणाले. "लय थंड असतं. हात घालता का?"

कंडक्टरने हात घातला नाही. मागच्या सीटवरची एक बाई मात्र विचारत राहिली की हे म्हशीलाही चालतं का.

मामांचे हात. मला त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे आणि मी मघापासून इकडेतिकडे फिरते आहे. हा स्फटिक अभ्रकासारखा असतो, पापुद्र्यापापुद्र्यांचा. मोजायच्या आधी वरचा पापुद्रा काढावा लागतो, म्हणजे खालचा ताजा, आरशासारखा पृष्ठभाग मिळतो. त्यासाठी साधी चिकटपट्टी वापरायची. पट्टी चिकटवायची आणि एका झटक्यात ओढायची. झटका कमी पडला तर पृष्ठभाग खडबडीत, जास्त झाला तर स्फटिकच तुटला. सरांनी पहिला स्फटिक तोडला. दुसरा मी. तिसऱ्याच्या वेळी मामा म्हणाले, "मी बघू का?" आणि त्यांनी असा पापुद्रा काढला की सर दोन मिनिटं भिंगातून पाहतच राहिले. त्या दिवसापासून ते काम मामांचं. आधी साबणाने हात धुवायचे, मग स्पिरिटने पुसायचे, मग हात तसेच वर धरून, कशालाही न लागू देता, टेबलाशी यायचे. तंबाखू नाही, बिडी नाही. माझ्या हाताला दुपारच्या डब्यातल्या लोणच्याचं तेल असायचं. मामांच्या हाताला कधी काही नसायचं.

आता चूक सांगते. माझी चूक.

त्याआधीच्या पावसाळ्यात लॅबमध्ये झुरळं आणि कसर झाली होती. स्फटिक ज्या मखमलीच्या डबीत होते तिला कसर लागलेली मी पाहिली. आमच्या घरी कसरीवर एकच उपाय. आई रेशमी साडीच्या घडीत, लोकरीच्या शालीत, देवाच्या वस्त्रांत, सगळीकडे कागदात गुंडाळून डांबर गोळ्या ठेवायची. मीही तेच केलं. स्फटिकाची डबी आणि ज्या तांब्याच्या पट्टीवर तो बसवतात ती पट्टी, दोन्ही एका स्टीलच्या डब्यात घातल्या, सोबत चार डांबर गोळ्या, घट्ट झाकण. चार महिने. दिवाळीनंतर गोळ्या काढून फेकल्या, डबा पुसला, आणि विसरून गेले. कोणालाही सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आपण रोज पाणी पितो ते कोणी वहीत लिहितं का?

तांब्याच्या पट्टीवर ग्रीस होतं. ग्रीस वास धरतं. चार महिने ते डांबराची वाफ पीत बसलं होतं. मग पंपाने हवा काढून सगळं थंड केलं की ती वाफ हळूहळू बाहेर यायची आणि मिळेल त्या सर्वांत थंड जागी जाऊन गोठायची. सर्वांत थंड जागा म्हणजे आमचा स्फटिक. त्यावर डोळ्यांना न दिसणारा एक थर चढत जायचा आणि परत येणारा प्रकाश जरासा बदलायचा. शेकड्यात एकाहूनही कमी. आम्हाला हवा होता नेमका तेवढाच.

आणि हे पकडलं कसं गेलं नाही? आमच्या कामाच्या पद्धतीमुळे. नायट्रोजन मौल्यवान, म्हणून आम्ही फक्त थंड होताना मोजायचो. उतरताना आकडे घ्यायचे, तळ गाठला की पंप बंद, घरी. परत गरम होताना मोजायचं तर सावकाश वर यायला दिवस जायचा आणि कॅन रिकामा व्हायचा. बरं, उतरतानाही सगळीकडे सारखा वेळ थांबत नव्हतो. ज्या तापमानाला तो अतिवाहक होतो तिथे आलो की सर म्हणायचे, "आता सावकाश. इथेच गंमत आहे." तिथे आम्ही तासन्‌तास रेंगाळायचो, एकेका अंशावर दहा-दहा वेळा मोजायचो. जिथे जास्त वेळ थांबलो तिथे थर जास्त चढला. आलेखावरची रेषा बरोब्बर त्याच जागी वाकली.

थांबण्याचा आणि थराचा हा मेळ समजायला मला पुढे काही आठवडे लागले. ती रेषा स्फटिकाने वाकवलीच नव्हती. आम्ही जिथे आशेने थांबलो तिथे ती वाकली.

रेषा वाकलेली दिसली त्या दिवशी सरांनी पेढे मागवले. मामांनीच आणले. सरांनी मामांच्या पाठीवर थाप मारली, "मामा, तू नसतास तर हे झालं नसतं!" मी त्या थापेचा आवाज अजून विसरलेले नाही.

पेढा हातात धरून मामा माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ताई, एक इचारू? वर येताना का नाय मोजत?"

"कशाला, मामा? तेच आकडे येणार."

"तेच आले म्हंजे झालंच की. आमच्याकडं घाट उतरला म्हंजे वाट घावली असं कोन म्हनत नाय. त्याच वाटेनं परत चढून घरी आला, म्हंजे वाट घावली."

मी हसले. मग दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. एका रविवारी कॉलेज रिकामं असताना मामा आणि मी दोघांनी मोजलं. उतरताना, आणि परत चढताना. सकाळी आठला सुरू केलं, संध्याकाळी सहाला संपलं. दोन रेषा जुळल्या नाहीत. उतरतानाची रेषा वाकत गेली होती, चढतानाची सरळ रेटत आली होती, दोन्हींमध्ये बोटभर अंतर. मग सगळं गरम झाल्यावर मामांनी झाकण उघडलं, नाक पुढे केलं आणि म्हणाले, "ताई, ह्याला लुगड्याच्या पेटीचा वास येतो."

त्या क्षणी मला कळलं, वास माझ्या गोळ्यांचा होता. मी कबूल करते. पुढे ज्या सगळ्या सबबी मी स्वतःला सांगितल्या त्या या क्षणानंतरच्या आहेत.

सोमवारी मी दोन रेषांचा आलेख घेऊन सरांकडे गेले. गोळ्यांचं बोलले नाही. धीर झाला नाही. म्हटलं, आधी आलेख पाहतील, थांबतील, मग सांगू. सरांनी आलेख पाहिला. खूप वेळ पाहिला. त्यांना समजलं, हे मी त्यांच्या तोंडावर वाचलं, कारण फळ्याशी एखादं गणित चुकलं की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची तीच पडली. मग ती आठी त्यांनी पुसली.

"खिडकीवर दव धरलं असेल."

"सर, हवा कोरडी आहे. दव नव्हतं."

"तुला जूनमध्ये मुलाखत आहे ना?" ते म्हणाले. "या पेपरवर तुझं नाव आहे. दुसरं. मुलाखत घ्यायला मी बसणार आहे. हा कागद घरी ठेव."

मी कागद घरी ठेवला. पेपर छापून आला. शाल-श्रीफळ झालं, स्थानिक पेपरात फोटो आला, "नाशिकच्या प्राध्यापकाचा जागतिक शोध". जूनमध्ये मी पर्मनंट झाले. आईने पुरणपोळी केली.

लोक म्हणतात काळ जातो, राग निवतो. कोणाचा निवत असेल तो निवो. माझा त्या थंडीपेक्षा पुढच्या थंडीत जास्त होता आणि त्यानंतरच्या थंडीत त्याहून जास्त. कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

दोन वर्षांनी सर एका परिषदेला गेले. तिथे एका तरुण मुलीने उभं राहून साधा प्रश्न विचारला, गरम होताना मोजलं होतं का? दुसऱ्या दोन ठिकाणी आमचा आकडा निघत नव्हता. सर परत आले ते तोंड पाडून. आठवडाभरात प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक बसली. प्राचार्य, सर, मी. मामा बाहेर बाकावर. सर सांगत होते, नमुने दूषित झाले असावेत, परिचराच्या हाताचं तेल, तंबाखू, ही माणसं कितीही सांगितलं तरी स्वच्छता पाळत नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो ना गं?"

मी म्हणाले, "असेल, सर."

दोन शब्द. वीस वर्षं मी दोन तासांची व्याख्यानं देते आहे, पण माझ्या आयुष्यात मी बोललेलं सर्वांत लांब वाक्य तेच. त्याने एका माणसाची आठ वर्षं खाल्ली.

मेमो निघाला. "अस्वच्छ हातांनी वैज्ञानिक नमुने हाताळल्यामुळे" असे शब्द होते त्यात. तो लॅबच्या दारावर लावला, आणि तीच नोंद मामांच्या सेवापुस्तकात केली. मामांची बदली सायकल स्टँडवर झाली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. सकाळी मी स्कूटर लावायला जायचे तेव्हा ते उठून उभे राहायचे, स्कूटर स्वतः सरळ करून लावायचे. बोलायचे नाहीत. मीही नाही.

अस्वच्छ हात! ते शब्द ज्याने लिहिले त्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तेल-तंबाखू हे निमित्त. डोंगरातून आलेला माणूस, भोये आडनावाचा, त्याचे हात आणि प्रोफेसरांचा स्फटिक. हे वाक्य कागदावर येण्याआधी किती पिढ्या जिभेवर होतं. त्याच्या जागी एखादा कुलकर्णी परिचर असता तर मेमोत हात आले असते का? आले नसते. मग दव आलं असतं, दैव आलं असतं, यंत्र जुनं झालं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळूनही मी "असेल, सर" म्हणाले, आणि त्या शब्दांनी त्या जुन्या वाक्यावर माझी सही झाली.

आणि स्वतःची तर मला कीवही येत नाही, संतापच येतो. आज मी विभागप्रमुख आहे. माझी शिस्त प्रसिद्ध आहे. "मॅडमकडे प्रॅक्टिकल म्हणजे उतरताना पण मोजा आणि चढताना पण मोजा," असं मुलं एकमेकांना सांगतात. थर्मामीटरचा साधा प्रयोग असो, तापलेली तार थंड करायची असो, दोन्ही वाटांनी आकडे नसतील तर मी वही परत करते. एकदा एका मुलाने विचारलं, "मॅडम, ही पद्धत तुमची का?" मी नुसती हसले. चोर तो चोर, वर शिरजोर, असं आई म्हणायची ते काही उगाच नाही.

त्या विषयाचं पुढे काय झालं म्हणाल, तर पुष्कळ झालं. आमच्याहून कितीतरी चांगल्या यंत्रांनी लोकांनी ते मोजलं. कोणाला फरक दिसला, कोणाला उलटा दिसला, कुठपर्यंतचे रंग हिशोबात धरायचे यावर वाद झाले. निसर्ग आपला जागच्या जागी आहे. आमच्या खोट्या रेषेने स्फटिकाचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते फक्त सायकल स्टँडवर बसलेल्या माणसाचं.

यंदा पेटीचं झाकण न लावता उठले, ते टेबलाशी जाऊन पत्र लिहिलं. प्राचार्यांना आणि त्या नियतकालिकाला. डांबर गोळ्या मी ठेवल्या होत्या, चढतानाच्या रेषा जुळत नव्हत्या, रामदास भोये यांचा या चुकीशी संबंध नव्हता, त्यांच्या सेवापुस्तकातली नोंद रद्द करावी. एका पानात मावलं. वीस वर्षं उचलत नव्हतं ते ओझं एका पानाचं निघालं, याचाही मला राग आला. पत्र पाठवण्याआधी मामांना दाखवावं म्हणून रविवारी गाडी काढून पेठच्या रस्त्याला लागले.

घर सापडायला वेळ लागला नाही. मामा अंगणात खाटेवर बसून जुन्या टोपलीची कड विणत होते. केस पांढरे, हात तसेच. मला ओळखलं, पण उठले नाहीत. बरं वाटलं. मामींनी पाणी आणलं, चहा ठेवायला आत गेल्या.

मी सगळं सांगितलं. गोळ्या, डबा, सरांच्या केबिनमधला आलेख, "असेल, सर". सांगताना रडू आलं. मामा विणत राहिले. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी टोपली खाली ठेवली.

"गोळ्यांचं मला तवाच वासावरून समजलं व्हतं. कोनी ठेवल्या ते नव्हतं ठावं. मला वाटायचं, सरांनी. तुम्ही रडू नका ताई. मी गावात येऊन काय सांगितलं असंल? ह्या गावात माझ्या हातचं पानी कोनी टाकत नाय, अन् तिथं दारावर लिवलं की हात घान. पोरगा वाचून आला व्हता. मला म्हनला, बा, खरं का?"

मी पत्र काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी घेतलं नाही. "वाचा," म्हणाले. मी वाचलं. "मोठ्यानं वाचा. तिला आत ऐकू जाऊ द्या." मी मोठ्याने वाचलं. शेजारच्या ओट्यावरची दोन माणसं ऐकत उभी राहिली. मामींनी चहा आणून ठेवला.

"बरं लिवलंय," मामा म्हणाले. "पन यात सर कुठं हायत?"

"मामा, चूक माझी होती. ती मी लिहिली आहे."

"चूक तुमची. आळ त्यांचा. रेघ जुळत नाय हे तुम्ही त्यांना दाखवलं, त्यांनी कागद घरी ठेवा म्हनलं. ते कुठं लिवलंय?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ते आता पंच्याहत्तरीचे आहेत, मामा. तब्येत बरी नसते त्यांची."

"मी काय पंचविशीत हाय?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. मामांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, उलटं करून त्याची कोरी बाजू वर केली आणि टोपलीवर ठेवून माझ्याकडे सरकवलं. चहा निवत होता. मी पर्समधून पेन काढलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरांचं नाव पुढे 'सर' न लावता लिहिलं.